आधी उंबरा, मग मोरी, मग राक्षस

मिरजेत सतारमेकर गल्लीत हिंडलात तर दुकानांच्या माळ्यांवर मोठाले भोपळे रचून ठेवलेले दिसतील. मंगळवेढा-पंढरपूरकडून आलेले हे कडू भोपळे. त्यांचा सतारीला, तंबोऱ्याला तुंबा होतो. एखाद्याला वाळताना चीर जाते, एखादा एका अंगाने बसका निघतो. वाद्याला तो निकामी. आमच्याकडे आला की त्याचं शिरस्त्राण होतं, कासवाची पाठ होते. एकदा एका आजींनी अर्ध्या तुंब्याचा चंद्र केला आणि ससा पळून गेल्यावर उरलेली त्याची मोकळी जागा तेवढी त्यात कोरली.

आमच्याकडे म्हणजे खोलीत. स्टुडिओला नाव द्यायचं राहून गेलं, सगळे ‘खोली’च म्हणतात. पूर्वीचं धान्याचं कोठार, चौदा बाय बावीस. मी सत्तावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं आणि निवृत्त झाल्यावर ही जागा भाड्याने घेतली. शनिवार-रविवारी इथे ड्रॅगन, यक्ष, उडते किल्ले, वेताळाची पालखी असलं काहीबाही बनत असतं. येणारे नऊ वर्षांपासून एकाहत्तरपर्यंतचे. मराठी, कानडी, उर्दू, तिन्ही भाषांतून राक्षसांना हाका मारल्या जातात.

बाहेरगावचे लोक विचारतात, असं आमच्याकडे सुरू करायचं तर रंग कुठले घ्यायचे, मुखवटे कसे करायचे? मी म्हणते, आधी उंबरा बघा. मग मोरी. राक्षसांचं नंतर बघू, ते काही कुठे जात नाहीत.

उंबरा

आमच्या दाराला पायरी आणि उंबरा मिळून पाच इंचांची चढण होती. सुताराने दोन फुटांची फळी टाकली आणि म्हणाला, झालं की बाई. स्कूटर चढवायला ती ठीक होती. पण चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या आमच्या कॉलेजकुमाराने ती बघितली आणि म्हणाला, “बाई, ही घसरगुंडी आहे.” उताराचा हिशेब साधा आहे: उंचीच्या दर इंचाला किमान बारा इंच लांबी. पाच इंचांना पाच फूट. दुसऱ्या खेपेला सुताराला हा आकडा खडूने भिंतीवर लिहून दिला. गल्ली अरुंद, म्हणून फळीला बिजागऱ्या लावून ती दुमडती केली आहे. पृष्ठभाग गुळगुळीत ठेवू नका. ओली फळी आणि रबरी चाक यांचं जमत नाही. आम्ही फळीवर सरस लावून वरून वाळू भुरभुरली. पावसाळा संपला की ती पुन्हा लावावी लागते.

टेबल म्हणजे पाडलेल्या वाड्याचं सागवानी दार, विटांच्या थरांवर ठेवलेलं. विटांचा फायदा असा की उंची हवी तशी बदलता येते. पुस्तकातलं माप घेऊन बसू नका. जो खुर्चीवरून येणार आहे त्याला बोलवा, गुडघे आत जातात का आणि खुर्चीचे हात फळीला अडतात का ते बघा, आणि मगच विटा मोजा. आमच्याकडे खालून अठ्ठावीस इंच मोकळे ठेवावे लागले. शिवाय खाली चटई आहेच. काहींना मांडी घातल्याशिवाय हात चालत नाही, काहींची मांडी घालायची वर्षं सरली.

संडासाचं दार आत उघडत होतं. ते बाहेर उघडणारं केलं, एवढ्यानेही बराच फरक पडतो. खुर्ची आत पूर्ण वळत नाही ही आमची उणीव आहेच. नवीन माणसाला ती फोनवरच सांगतो. इथवर आल्यावर कळणं फार वाईट.

लोक पायऱ्यांचा विचार करतात, आवाजाचा करत नाहीत. लगदा वाटायचा मिक्सर सुरू झाला की आमच्यातला एक बारा वर्षांचा मुलगा कान दाबून कोपऱ्यात जायचा. त्याची आई म्हणायची, राहू दे, होईल सवय. सवय त्याला का म्हणून व्हावी? मिक्सर आम्ही शुक्रवारी संध्याकाळी फिरवतो. काम संपलं आणि सवय करायचा प्रश्नही संपला. खोलीच्या एका कोपऱ्यात जुन्या गोधडीचा पडदा आहे. त्यामागे बसलेल्या माणसाला ‘काय झालं?’ असं विचारायचं नाही, तो आपला आपण बाहेर येतो.

ज्यांना दिसत नाही किंवा अंधुक दिसतं त्यांच्यासाठी बरण्यांना रबरबँड लावले: गेरूला एक, चुन्याला दोन, काजळीला तीन. चित्राची रेघ म्हणून खळीत बुडवलेली सुतळी चिकटवायची. वाळली की बोटाला लागते. आता डोळस मंडळीही सुतळीनेच रेघ मारतात, कारण रंग पलीकडे ओघळत नाही.

ऐकू न येणाऱ्यांच्या बाबतीत मी स्वतः मोठी चूक केली. सगळ्यांना पूर्ण चेहऱ्याचे मुखवटे करायला लावले, घालून गोलात बसवलं आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. ओठ वाचून समजून घेणारी एक मुलगी पाच मिनिटांनी उठून गेली. मला वाटलं, कंटाळली. तिने पाटीवर लिहून दाखवलं: तुमची तोंडं झाकली. तेव्हापासून गोष्टीच्या दिवशी मुखवटा वरच्या ओठाच्या वर संपतो. इलास्टिक कानामागे घ्यायचं नाही, श्रवणयंत्राची ओढाताण होते. डोक्यामागे कापडी नाडी बांधायची. डोळ्यांची भोकं आपल्याला वाटतात त्याच्या दीडपट मोठी ठेवा.

पैशांचं सांगते. फी ठेवली नाही, पेटी ठेवली आहे, गोधडीच्या पडद्याआड. कोण किती टाकतं, टाकतं की नाही, कुणाला दिसत नाही. भाडं, वीज आणि सामान धरून महिन्याला साडेचार हजार लागतात. पेटीतून साधारण निम्मे निघतात. उरलेले आम्ही शाळांच्या गॅदरिंगना मुखवटे भाड्याने देऊन काढतो. विकत नाही. विकलेला मुखवटा एकदा नाचून कचऱ्यात जातो, भाड्याचा परत येतो. कान तुटून येतो, पण येतो.

आणि पाण्याचा माठ एकच. हे लिहायला लागतं याची लाज वाटते, पण लिहिते. पहिल्याच महिन्यात एका बाईंनी घरून वेगळी बाटली आणून मुद्दाम माठाशेजारी ठेवली. कारण विचारल्यावर त्यांनी कोण कोण पाणी पितं ते मोजून दाखवलं. त्यांना निरोप दिला. बाकी कुठल्याही कारणाने मी कुणाला जा म्हटलेलं नाही.

मोरी

स्टुडिओ पर्यावरणाला धरून आहे की नाही हे मोरीत बघावं. भिंतीवर झाडाचं चित्र आणि खाली मोरीतून ॲक्रिलिक वाहतंय, असं पुष्कळ ठिकाणी असतं. ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच. ब्रश नळाखाली धरला की ते बारीक होऊन गटारात जातं, आणि आमच्याकडचं गटार शेवटी कृष्णेकडेच बघत असतं.

म्हणून तीन बादल्या. ब्रश आधी चिंधीला पुसायचा, मग पहिल्या बादलीत, मग दुसरीत, शेवटी तिसरीत. नळ बंद. पहिली बादली गढूळ झाली की तिच्यात चमचाभर तुरटीची पूड ढवळून रात्रभर ठेवायची. सकाळी गाळ तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी पुन्हा पहिल्या बादलीलाच वापरतो. गाळ जुन्या कापडावर वाळवून सुक्या कचऱ्यात टाकतो. गेरू-खडूचं पाणी असेल तर ते कुंडीतल्या जास्वंदीला.

ॲक्रिलिक मी हद्दपार केलेलं नाही. शेवटच्या हाताला, पावसात नाचायच्या मुखवट्याला ते लागतं. पण रोजच्या कामाला मातीचे रंग: गेरू, खडू, चुना, काजळी, त्यात बाभळीचा डिंक. काळ्यासाठी गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात पंधरा-वीस दिवस मुरवायचे आणि हिरड्याचा काढा दिलेल्या कापडावर ते पाणी फिरवायचं. पिवळट कापड डोळ्यांदेखत काळं पडतं. नऊ वर्षांच्या पोरांना यापुढे कुठल्याही जादूगाराची गोष्ट फिकी वाटते. हळदीत चुना कालवला की लालभडक होतो, हेही त्यांना पहिल्याच दिवशी दाखवा. चुना लहानांच्या हाती द्यायचा नाही, आपण कालवायचा.

हळदीवरून आठवलं. शेजारी सांगलीची हळदपेठ, कुणी ना कुणी पोत्याच्या तळाची पूड आणून देतंच. त्यामुळे पहिल्या वर्षी आमचे यच्चयावत ड्रॅगन पिवळे. हौसेने खिडकीत मांडले. पंधरा दिवसांत ऊन खाऊन सगळे पांढरेफटक, कावीळ उतरल्यासारखे. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही हे मला शिक्षिकेला ठाऊक नव्हतं असं नाही, सोयीने विसरले होते. टिकाऊ पिवळ्यासाठी पिवळी माती घ्या.

तीन गोष्टींना मात्र खोलीत बंदी आहे. शेंदूर, कारण त्यात शिसं असतं, आणि राक्षसाच्या जिभेला तो इतका शोभतो की मोह होतोच. चमकी, कारण ती प्लास्टिकची धूळ आहे, मोरीतून थेट नदीत. चमक हवीच असेल तर अभ्रकाची पूड डिंकात ओली कालवून लावा, कोरडी उडवू नका, श्वासात जाते. तिसरं थर्माकोल. महाराष्ट्रात २०१८ पासून त्याच्या सजावटीवर बंदी आहे, तरी दर गणपतीनंतर कुणीतरी मखराचे तुकडे प्रेमाने आणून देतं. घेत नाही. घेतले की पुढच्या वर्षी दुप्पट येतात.

चिलखतं करणाऱ्या तरुण मंडळींना फोमच्या शीट हव्या असतात. नवीन शीट मी आणू देत नाही. चपला बनवणाऱ्यांकडचे कातरलेले तुकडे चालतात. त्याला लावायच्या उग्र वासाच्या गोंदावर आमचं एकदा चांगलंच भांडण झालं. दोघांना दम लागला, एकीला दमा होता. आता तो गोंद फक्त मागच्या अंगणात. कोल्हापुरी चपलांच्या कारागिरांकडून चामड्याच्या कातरणीही मिळतात. वाया जाणाऱ्या त्या तुकड्यांचे खवले फार देखणे होतात. त्यांचा डबा वेगळा ठेवला आहे आणि वर ठळक अक्षरात लिहिलंय. ज्यांना नको त्यांनी हात लावू नये, पण नाकही मुरडू नये. ते काम पोटासाठी करणाऱ्यांची मुलं याच टेबलाशी बसलेली असतात.

लगदा आणि भोपळा

आपल्याकडे घरोघरी आज्या-पणज्या रद्दीच्या लगद्यात मेथी वाटून घालायच्या आणि टोपल्या लिंपायच्या. आमचा मुखवटा तिथूनच आला आहे. एक किलो रद्दी फाडून (कातरून नव्हे, फाटलेल्या कडेचे धागे एकमेकांत गुंततात) दोन रात्री पाण्यात ठेवायची. गुळगुळीत मासिकं नकोत. पिळून, थोडी थोडी मिक्सरमधून काढायची. शंभर ग्रॅम मेथी भिजवून वाटून घालायची. मेथीने लगदा चिकट होतो, आणि कडूपणामुळे किडे-उंदीर लांब राहतात. मग खळ. मैद्याची खळ सोपी. चिंचोक्याची जास्त भक्कम: चिंचोके भाजून टरफल काढायचं, रात्रभर भिजवून वाटायचं आणि मंद आचेवर शिजवायचं. सावंतवाडीच्या गंजिफांना, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांना, हीच खळ लागते. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात ती पद्धत इथे नको, ते विष आहे आणि आमच्याकडे बोटं तोंडात घालणारे असतात. चिमूटभर तुरटी पुरते.

साचा शाडूचा. त्यावर पहिला थर नुसत्या ओल्या कागदाचा, खळ न लावता, म्हणजे मुखवटा सुटून येतो. मग खळ लावलेल्या कागदाचे पाच-सहा थर, आणि नाक, भुवया, शिंगं लगद्याने. एका वेळी बोटभर जाडीपेक्षा जास्त लगदा थापू नका, बाहेरून वाळतो आणि आतून आंबतो. एप्रिलच्या उन्हात दोन-तीन दिवस पुरतात. श्रावणात आठवड्यातही होत नाही, बुरशी येते. म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही लगद्याला हात लावत नाही. त्या दिवसांत कापड, नकाशे, गोष्टी.

अनंत चतुर्दशीनंतर लोक घरी बादलीत विसर्जन केलेल्या गणपतीची शाडू आणून देतात. या मातीचा राक्षस करायचा नाही, असं एका काकूंनी बजावलं. मला ते पटलेलं नाही. माझ्या मते माती ती माती. पण पाळते. त्या मातीचे डोंगर होतात, झाडं होतात, रोपांच्या कुंड्या होतात.

भोपळा कापायचा तर आधी बाहेरून ओला करा, नाकाला कापड बांधा आणि मोकळ्यावर बसा. आतल्या वाळक्या गराची धूळ कडूजहर, घशात गेली की तासभर खोकला. बारीक दाताच्या करवतीने हळूहळू कापायचं. घाई केली की चीर आपल्याला हवी तिथे न जाता त्याच्या मनाने जाते. कारागिरांकडे भोपळा मागायला रिकाम्या हाताने जाऊ नका. आम्ही त्यांच्या लाकडाचा भुसाही उचलून नेतो, तेवढंच त्यांचं दुकान साफ. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या पोरांनी एका फुटक्या तुंब्याला मिशा लावून त्याचा सत्कार केला होता. कारागीर पोट धरधरून हसले.

राक्षस

आलेला प्रत्येक जण पहिल्या दिवशी पंखांचा ड्रॅगन करतो. करू द्या. दुसऱ्या दिवशी विचारा: हा खातो काय? पाणी कुठलं पितो? कुणाला भितो? आमच्या एका ड्रॅगनला उसाची चिपाडं आवडतात आणि तो साखर कारखान्याच्या भोंग्याला घाबरतो. एवढं ठरलं की पंख गळून पडतात आणि त्याजागी भलतंच काही उगवतं. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर सिंहासारखे शरभ कोरलेले असतात, दोन तोंडांचे गंडभेरुंड पक्षी असतात, देवळांच्या चौकटीवर उग्र चेहऱ्याचं कीर्तिमुख असतं. ते दाखवा, पण ‘परदेशी ड्रॅगन टाकून द्या, हेच करा’ असं म्हणू नका. मी म्हणून बघितलं, तीन जण यायचे बंद झाले.

नियम दोनच आहेत. दुष्ट दाखवायला काळा रंग वापरायचा नाही. आणि दुष्ट दाखवायला लंगडा, काणा, कुबडा करायचा नाही. पहिला नियम एका मुलीमुळे आला. तिने राजकन्येचा मुखवटा घालायला नकार दिला, कारण तो गुलाबी-गोरा होता आणि ती नव्हती. म्हणाली, शाळेत मी दर वर्षी राक्षसीणच असते. मी गप्प बसले. सत्तावीस वर्षं गॅदरिंगचं पात्रवाटप माझ्याकडे होतं, आणि सावळी, धिप्पाड मुलं मी डोळे झाकून राक्षसांच्या रांगेत उभी केली होती. तिला गेरू आणि काजळी दिली. तिने स्वतःच्या हाताशेजारी धरून रंग जुळवला, चार वेळा. ती राजकन्या आता खोलीच्या दारासमोरच टांगलेली आहे.

दुसऱ्या नियमावर आमच्या खुर्चीवाल्या कॉलेजकुमाराने चाकांचा राक्षस केला. तो चांगला की वाईट हे त्याने अजून ठरवलेलं नाही, विचारलं की “चालू आहे” म्हणतो.

देवाधर्माचं अवघड असतं. एका मुलाला घरून सजीवांचे चेहरे काढायची परवानगी नाही. तो सगळ्यांच्या राज्यांचे नकाशे काढतो, कोट, बुरूज, जाळीकाम. त्याच्याइतकी शुद्ध भूमिती माझ्या इंटरमिजिएटच्या वर्गातही कुणाची नव्हती. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या सोंगांच्या उत्सवात, नाचणारे मुखवटे आम्ही फोटोंतून बघतो, त्यांची नक्कल करत नाही. ते तिथल्या लोकांचे देव आहेत, आपल्या खेळातली सोंगं नव्हेत.

वर्षातून एकदा खिद्रापूरला जातो, कोपेश्वराच्या देवळात. स्वर्गमंडपात अठ्ठेचाळीस खांब आणि मधोमध उघडं आभाळ. तिथे काही न काढता अर्धा तास नुसतं बसायचं. कोरीवकामावर कागद ठेवून पेन्सिलीने घासायचं नाही. जमिनीची उंचसखल फरशी खुर्चीला जड जाते, म्हणून उचलणारे चार हात आधी ठरवतो, आणि उचलायच्या आधी दर वेळी विचारतो. मागच्या वर्षी आमचा कॉलेजकुमार म्हणाला, आज बाहेरच थांबतो. थांबला. बाहेरून हत्ती जास्त चांगले दिसतात, असं नंतर सगळ्यांना ऐकवत होता.

उरलेलं थोडं. काहीही पाच फुटांच्या खाली साठवू नका, निदान आमच्या नदीकाठी तरी. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या माझ्या घरात चार फूट पाणी होतं. सत्तावीस वर्षांची मुलांची चित्रं खालच्या कपाटात होती. त्यांचा आपोआप लगदा झाला, आणि तो वापरताही येत नव्हता, कारण पुरात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. भिजलेला कागद घमेल्यांनी बाहेर काढला.

किल्ल्या तीन करा आणि एकही स्वतःकडे ठेवायची सक्ती करून घेऊ नका. मी आजारी पडले तेव्हा खोली दोन आठवडे बंद राहिली, तेव्हा हे सुचलं. आता एक किल्ली आजींकडे, एक नकाशेवाल्याच्या अम्मींकडे, एक चाकांच्या राक्षसाकडे. त्याला दिली तेव्हा लक्षात आलं की कडी त्याच्या हाताला पोचतच नाही. सुताराला पुन्हा बोलावलं. आता ती जमिनीपासून तीन फुटांवर आहे, आणि शनिवारी बहुतेक तोच आधी येऊन दार उघडतो.